बांधाच्या आतलं घर

३ जानेवारी

घर बांधायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं, बाकीच्यांनी ऐकून घेतलं.

खाडीकाठची आमच्या वाटणीची सात गुंठे जागा वीस-बावीस वर्षं नुसती पडून आहे. तिथे बैठं घर, पुढे खाडीकडे तोंड केलेली गॅलरी, गॅलरीत आरामखुर्ची आणि खुर्चीत मी, असा साधा विचार आहे. कामतघरच्या या गल्लीत आमच्या डाव्या हाताला लूम, उजव्या हाताला लूम आणि समोर शफीकभाईंचे सोळा लूम. कमळच्या कानात आता लूम बंद असले तरी खटखट चालू राहते. गल्ली चिडीचूप असते त्या दिवशीही ती कपाळ धरून बसते. कानाचे डॉक्टर म्हणाले, याला औषध फारसं नाही, यांना आवाजातून बाहेर काढा.

भाविकचं म्हणणं, जागा विका आणि ठाण्याकडे सतराव्या मजल्यावर फ्लॅट घ्या. आमचे चिरंजीव राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत, त्यामुळे जिथे मोकळी जमीन दिसेल तिथे त्यांना पत्रे आणि शटर दिसतं. सूनबाईंनी, म्हणजे उन्नतीने, मोबाइलवर फ्लॅटचे फोटो दाखवले. कमळने ते नीट पाहिले आणि विचारलं, "एवढ्या वर मी बोलू कोनाशी? कावल्याशी?"

शेवटी तह झाला. पावसाळ्याआधी बांधकाम परवानगी हातात आली तर खाडीवर घर. नाही आली तर जागा विकायची आणि मी तोंडातून ब्र न काढता सतराव्या मजल्यावर जायचं.

शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. माझा एकही अर्ज आजवर त्रुटी काढून परत आलेला नाही. भाविकने जूनपर्यंतची मुदत दिली आहे. मला मार्च पुरे.

९ जानेवारी

आर्किटेक्ट रंजिता मॅडमकडे गेलो. वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल. मला पहिल्या वाक्यात काका म्हणाली आणि दुसऱ्या वाक्यात माझा अर्ज बाजूला ठेवला. म्हणाली, अर्ज नंतर, आधी भरतीरेषा.

उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी जिथपर्यंत चढतं ती ही रेषा. तिच्यापासून पन्नास मीटर सोडायचे, मग घर. मी तिला समजावलं की पाणी बांधाला लागून परत जातं, आत येत नाही. तिने विचारलं, बांध कधीचा? मी म्हटलं, वडिलांच्या वेळचा.

"१९९१ ला किनाऱ्याचा कायदा आला, बांध त्याच्या आधीचा आहे हे दाखवता आलं ना काका, तर रेषा बांधावर धरतील. नाही दाखवता आलं, तर पाण्याला आत मोकळं रान आहे असं धरतील. मग तुमच्या सात गुंठ्यांत कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बसणार नाही."

"दाखवू की. त्यात काय."

"लगतच्या खातेदाराचा जबाब लागेल. शेजारी कोण आहे?"

शेजारी माझा मोठा भाऊ आहे. मी विचारलं, दुसरा काही पुरावा चालतो का.

१० जानेवारी

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा एकदा लिहूनच टाकतो.

राघोदादाशी मी नऊ वर्षं बोललेलो नाही. कारण क्षुल्लक नाही. त्याच्या रूपाच्या हळदीला नाक्यावर बॅनर लागला होता, रिक्षा आडवी लावली तर झाकला जाणार नाही एवढा. त्यावर एकतीस फोटो होते. वरच्या ओळीत गावचे मानकरी, मधल्या ओळीत मामेमंडळी, आणि मी, मुलीचा सख्खा काका, सगळ्यात खाली मंडपवाला आणि डीजेवाला यांच्या मधोमध. फोटोही निवृत्तीच्या समारंभातला, डोळे मिटलेले. मी न जेवता निघालो. दादा मागून येईल म्हणून गेटपर्यंत तीनदा थांबलो, चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून. आला नाही.

तेव्हा मी त्याच्या दारात जाणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. कमळला तसं सांगितलं तर म्हणाली, "तत्त्व तेवढं सात गुंठ्यांत बसवा मंग."

रात्री चिंबोऱ्यांचा रस्सा होता. कमळची बाजारातली कोळीण फार प्रामाणिक बाई आहे. गेली नऊ वर्षं एकदासुद्धा शिळा माल दिला नाही, आणि अगदी आमच्या खाडीची चव. लहानपणी दादा बिळात हात घालून चिंबोऱ्या काढायचा त्यांची आठवण झाली. त्या बाईला माझा नमस्कार सांग म्हटलं. कमळ म्हणाली, सांगते.

२८ जानेवारी

झोन दाखल्यासाठी गेलो. साहेब मोजणीला गेले होते.

३० जानेवारी

साहेब होते. कपाटाची चावी शिपायाकडे होती आणि शिपाई वज्रेश्वरीला गेला होता.

३ फेब्रुवारी

साहेब, शिपाई, चावी, तिघंही होती. अर्जाचा नमुना बदलला आहे म्हणाले. नवा नमुना पाहिला. त्यात दोन ओळींची जागा दिली आहे. दोन ओळींत माणसाने काय मांडायचं? आमच्या वेळी अर्ज निदान दीड पानाचा असायचा, वाचणाऱ्यालाही काही वाचल्यासारखं वाटायचं.

११ फेब्रुवारी

झोन दाखला मिळाला. खाडीकडची अर्धी जागा ना-विकास क्षेत्रात पडली, वरची अर्धी रहिवासी. म्हणजे माझी गॅलरी आणि आरामखुर्ची ना-विकासात गेली. रंजिताने नकाशावर घर पंचवीस फूट मागे सरकवलं. मी म्हटलं, मागे कुणीकडे? म्हणाली, "काका, मागे म्हणजे तुमच्या भावाच्या घराकडे. दुसरीकडे कुठे सरकवू?"

कमळला हे सांगितलं. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. तिने माझा बिनसाखरेचा चहा चाखून पाहिला आणि म्हणाली, "अजून सरकवा म्हनावं."

बायकांना नकाशातलं कळत नाही.

२४ फेब्रुवारी

मोजणी झाली. पुष्कळ दिवसांनी जागेवर गेलो. मोजणीदार यंत्र लावत होता आणि मी बांधाकडे पाहिलं, तर दादा बांधावर उकिडवा बसून चिखलाचे गोळे दाबत होता. चिंबोऱ्यांनी बांधाला बिळं पाडली की भरतीचं पाणी तिथून वाट काढतं, म्हणून ती बुजवत राहावी लागतात. अडुसष्टाव्या वर्षी त्याला हा उद्योग कोणी सांगितला आहे, कोण जाणे. पाठ बरीच वाकली आहे त्याची. गुडघाही दुखत असणार, उठताना जमिनीला हात टेकला.

त्याने मला पाहिलं आणि मान तिवरांकडे वळवली. मीही तिवरांकडे पाहू लागलो. पाऊण तास आम्ही दोघे भाऊ तिवरं पाहत होतो. खाडीकाठच्या झाडांना इतका मान कधी मिळाला नसेल.

मध्येच मैनावहिनींनी मोजणीदारासाठी चहा पाठवला. ताटात दोन कप होते. दुसरा मला. घेणार नव्हतो, पण अन्नाचा अपमान नको म्हणून घेतला. बिनसाखरेचा होता. मला साखर निघून तीनच वर्षं झाली, वहिनींशी तर नऊ वर्षांत बोलणं नाही. या वयात सगळ्यांनाच साखर असते असा त्यांनी अंदाज केला असावा.

१८ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

भरतीरेषेच्या फाइलसाठी रंजिताबरोबर मोठ्या कार्यालयात गेलो होतो. तिथल्या कारकुनाने आमच्या जागेची जुनी कागदपत्रं काढली. चाळता चाळता थांबला आणि म्हणाला, "वा. काय अक्षर आहे. आजकाल असं कोण लिहितं?" मी मान उंच करून पाहिलं. अक्षर ओळखीचं वाटलं. वाटणारच, माझंच होतं.

जुलैच्या त्या मोठ्या पुरानंतर नुकसानीच्या पाहणीसाठी मी केलेला अर्ज. वीस वर्षांपूर्वीचा, दीड पान, समास सोडून. कारकुनाने तो चारचौघांत मोठ्याने वाचला. मीही सुरुवातीला ऐकत होतो, खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं.

"...सदर जलप्रलयात आमच्या बांधाचे नामोनिशाण उरलेले नसून, साक्षात समुद्रदेव आमच्या आंब्याच्या बुंध्यापर्यंत येऊन ठेपलेले आहेत व दररोज येत आहेत. आम्ही रात्रंदिवस छातीइतक्या पाण्यात उभे राहून निसर्गाशी झुंज दिली..."

"दररोज येत आहेत" या शब्दांशी रंजिताने डोळे मिटले. मला एक क्षण उशिरा कळलं.

आंबा आमच्या जागेच्या वरच्या टोकाला आहे. म्हणजे माझ्याच सहीने, माझ्याच वळणदार अक्षरात, बांध नाही आणि सात गुंठे रोज पाण्याखाली, हे सरकारदप्तरी वीस वर्षं बसलेलं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तिथले साहेब म्हणाले, "तुमचा दावा खरा की तुमचा अर्ज खरा, ते आधी ठरवा."

येताना रिक्षातून उतरताना रंजिता म्हणाली, "काका, इथून पुढे फॉर्म मी भरते."

१९ मार्च

झोप नाही.

खरं काय झालं होतं ते लिहितो. पुराच्या त्या दिवशी बांध फुटला होता, पण दोन बांबूंएवढाच. बांबू हे आमचं बांधाचं माप. पावसाळ्याआधी प्रत्येक घराने आपल्या वाटणीचे बांबू मातीने भरायचे, ही गावची रीत. पाणी दोन दिवस आंब्यापर्यंत आलं हेही खरं. तिसऱ्या दिवशी फुटलेली जागा बुजली. बुजवली दादाने, गावातले चौघे हाताशी घेऊन. मी तेव्हा कामतघरला होतो. पाणी ओसरल्यावर आठव्या दिवशी आलो आणि अर्ज लिहिला.

खोटं लिहितोय असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. अर्जाला वजन पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. मिळालं तर काहीच नाही, पाहणीला कोणी आलंही नाही.

आणखी एक गोष्ट आज ध्यानात आली. आम्ही कामतघरला राहायला आलो त्यानंतर माझ्या वाटणीचे बांबू कोणी भरले, हे मी कधी विचारलं नाही. बांध जागेवर आहे, म्हणजे कोणीतरी भरत असणार.

भाविकला हा प्रकार कळल्यावर तो हसला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. गोदामवाल्याला सोमवारी बोलवू का, असं त्याने हळूच विचारलं. कमळ भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुमच्या अर्जात खाडी शिरली, ती अजून भाईर न्हाय निघाली." मग बराच वेळ ती नळ सोडून तशीच उभी राहिली, दोन्ही तळवे कानांवर दाबून. मी उठून नळ बंद केला.

मला हे घर पाहिजे. गॅलरी नसली तरी चालेल.

२ एप्रिल

एकच वाट उरली आहे. साहेब जागेवर येऊन बांध पाहणार आणि लगतच्या खातेदाराचा जबाब घेणार. दादाला कार्यालयाची नोटीस जाईलच, पण भावाने भावाला सांगायला नको का? म्हणून पत्र लिहायला बसलो.

पहिल्या खर्ड्यात "महोदय" लिहिलं, फाडलं. दुसऱ्यात "तीर्थरूप" लिहिलं, तेही फाडलं, कारण तीर्थरूपाशी माणूस नऊ वर्षं अबोला धरत नाही. तिसऱ्यात सरळ मुद्द्यावर आलो तर बॅनरचा विषय निघाला आणि पत्र दोन पानांचं झालं. सहा खर्डे झाल्यावर कमळने सगळे कपटे गोळा केले.

"फोन करा की."

"नंबर कुठे आहे माझ्याकडे?"

तिने नंबर धडाधड तोंडपाठ सांगितला. बायकांची स्मरणशक्ती दांडगी असते. मी लिहून घेतला, पण केला नाही. तो जबाबाला आला नाही तर सगळंच संपलं, आणि फोन केल्यावर नाही म्हणाला तर आजच संपलं. त्यापेक्षा वाट पाहिलेली बरी.

कमळ म्हणाली, "येतील ते."

"तुला काय माहीत?"

"वाटतं मना."

२१ एप्रिल

पाहणी झाली. क्रमाने लिहितो, नाहीतर उड्या मारीन.

साहेब, त्यांचा कारकून, रंजिता आणि मी दहा वाजता पोचलो. दादा आंब्याखाली उभा होता. पांढरा सदरा, नवी टोपी. माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांनी माझा अर्ज पुन्हा वाचला, या वेळी आमच्या दोघांच्या समोर. मी खाली पाहत होतो. मग त्यांनी दादाला विचारलं, "हे तुमच्या भावाने लिहिलंय. बांध उरला नाही, पाणी या झाडापर्यंत रोज येतं. खरं आहे का?"

आता दादाच्या हातात सगळं होतं. नाही म्हणाला असता तर मी सरकारदरबारी खोटारडा. हो म्हणाला असता तर जागा पाण्यात.

दादाने घसा साफ केला. "भाव माजा शिकलेला हाय. तो लिवतं ते बराबरच असंल."

रंजिताने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हणजे पाणी आलं होतं?"

"आलतं."

"इथपर्यंत?"

"ह्या बुंध्याला. मी सोता पायलाय."

"आणि रोज येत होतं?"

"येत व्हतं की. दोन दिस, रोज."

साहेबांनी चष्मा काढला. "दोन दिवस? मग पुढे?"

"मंग बांध घातला."

"कुठे घातला?"

"व्हता तिथंच. बापानं दगुड बसवलाय खाली, तो सोडून दुसरीकडं कशाला घालू?" आणि वळून चालायलाच लागला. आम्ही सगळे त्याच्या मागे.

बांधाच्या मधोमध उघाडी आहे. आतलं पावसाचं पाणी ओहोटीला सोडायची आणि भरतीला बंद करायची ती छोटी झडप. तिच्या सिमेंटच्या कठड्यावर शिंपले रोवून आकडे काढलेले आहेत, १९८४. बाबांनी उघाडी नवी केली तेव्हाचे. मी तेव्हा बाहेरगावी नोकरीत होतो, मला हे ठाऊकच नव्हतं. नशीब असं की बाकी सगळा कठडा चिखलाने आणि शेवाळाने लडबडलेला, पण नेमका आकड्यांवरचा चिखल आजच कोणीतरी खरवडून काढल्यासारखा स्वच्छ. साहेबांनी फोटो काढले. पायथ्याचे दगड उकरून पाहिले. कारकुनाने जबाब लिहिला आणि दादाने खाली सही केली, रात्रीच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर बसवत.

निघताना मी त्याच्या जवळ गेलो. नऊ वर्षांत काय काय बोलायचं साठलं होतं. तोंडातून निघालं, "टोपी नवी का?"

"हां," दादा म्हणाला.

एवढंच झालं. पण झालं.

मैनावहिनी आणि कमळ पडवीत बसल्या होत्या. कमळ माझ्याबरोबर आली नव्हती, ती आधीच कशी पोचली ते विचारायचं राहिलं. दोघी एकाच ताटात चिंच सोलत होत्या आणि नऊ वर्षांचा अबोला असल्यासारखं काही वाटत नव्हतं. बायका लवकर विसरतात.

९ मे

परवानगी आली.

भरतीरेषा बांधावर धरली. तिच्यापासून पन्नास मीटर सोडले, ना-विकासाचा तुकडा सोडला, तिवरांच्या बाजूची पट्टी सोडली. उरलेला घराचा चौकोन आंब्याच्याही मागे, कोपऱ्यात गेला आहे. दादाच्या पडवीपासून आठ पावलं. गॅलरी झालीच, तर तिच्यातून खाडी दिसणार नाही. दादाची वाळत घातलेली जाळी, पाण्याचं पिंप आणि खाटेवर बसलेला दादा, एवढं दिसेल.

भाविकने कागद दोनदा वाचला, तहाप्रमाणे मान्य केलं आणि गोदामवाल्याला फोन करून नाही कळवलं. मुलगा सज्जन आहे. उन्नतीने विचारलं, तिथे नेटवर्क येतं का. कमळने चौकोनावर बोट ठेवलं आणि दादाच्या घरापर्यंत चालवलं. "आठ पावलं," ती म्हणाली, "म्हंजी भाजीची वाटी नेताना गार न्हाय व्हनार."

एक अट आहे. खाडीने काठाची धूप होते, म्हणून बांधाची दरवर्षी देखभाल करीन असं हमीपत्र मी महिनाअखेर द्यायचं. रंजिता म्हणाली, हे मात्र तुम्ही लिहा काका, मोकळा कागद आहे. तिचा माझ्यावर पुन्हा विश्वास बसला, याचा आनंद परवानगीपेक्षा थोडाच कमी होता.

१६ मे

हमी लिहायची तर आधी बांध माहीत हवा, म्हणून आज घमेलं घेऊन बांधावर गेलो. अष्टमीच्या सुमाराला भरतीला जोर नसतो. त्याला आम्ही भांग म्हणतो. याच दिवसांत बांध भरतात. दादा आधीच कामाला लागला होता. मला पाहून त्याने फावड्याने बांधावर दोन रेघा ओढल्या. "हितनं हितपरेन तुजं."

चार बांबूंची लांबी होती. मी विचारलं, एवढी वर्षं हे कोणी भरलं? दादाने फावडं माझ्या हातात दिलं.

तासाभरात माझा सदरा घामाने चिकटला आणि चष्मा दोनदा चिखलात पडला. मी भरलेल्या जागेवर दादाने टाच मारली, माती ढासळली. "अर्जावर शिक्का मारतंस काय? दाब तिला." मी पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा टाच मारल्यावर नुसता ठसा उमटला, तेव्हा तो पुढे सरकला.

दुपारी बांधावरच भाकरी खायला बसलो. वहिनींनी बोय माशांचं सुकं दिलं होतं. मी म्हटलं, आमच्या बाजारातल्या कोळणीची बोय अगदी अशीच असते. दादा माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला आणि खायला लागला.

हात धुताना तो म्हणाला, "तुजा तो अर्ज. मना रंजिताबायनं वाचून दावला."

"साहेबांनी वाचला तेव्हाच ना?"

"न्हाय. आधी. नोटीस आलती तवा मी तिच्याकडं गेलतो, काय जबाब द्यायचा ते इचारायला. पुरा वाचून घेतला." टॉवेलाने तोंड पुसलं. "बेस लिवलायस. छातीएवढ्या पान्यात उभं ऱ्हाईलो, झुंज दिली. मना तर सगलं परत दिसलं. त्यात माजं नाव कुटं न्हाय पन."

आवाजात राग नव्हता. वर्तमानपत्रात आपल्या गावाची बातमी शोधावी आणि सापडू नये, तसा म्हणाला.

मला लाज वाटली. याला दुसरा शब्द नाही. छातीएवढ्या पाण्यात तो उभा होता, आणि "आम्ही" लिहून खाली सही मी केली होती. हे ऐकून, समजून तो नवी टोपी घालून आला आणि साहेबांसमोर म्हणाला की माझा भाऊ लिहितो ते बरोबरच असेल. मी नऊ वर्षं एका फोटोवर रुसून बसलो होतो. निदान माझा फोटो होता तरी.

"चुकलं दादा," मी म्हटलं. आयुष्यात इतका छोटा मजकूर मी कधी केला नसेल.

"हां," दादा म्हणाला. "पानी पी."

घरी आल्यावर कमळला सगळं सांगितलं. तिने तेल तापवून माझ्या पाठीला लावलं. कानातला आवाज कसा आहे विचारलं तर म्हणाली, हाय तसाच हाय, उद्या मीपण येते.

१७ मे

सकाळी हमीपत्राचा खर्डा केला. पाच ओळींचा झाला. स्टॅम्प पेपरवर उतरवण्याआधी बांधावर नेला आणि दादाला मोठ्याने वाचून दाखवला. तो खोरं टेकवून उभ्याने ऐकत होता. कमळ आणि वहिनी जरा पलीकडे टोपल्यांत माती भरत होत्या, त्याही थांबल्या.

"सदर बांध माझे वडीलबंधू श्री. राघो बाळाराम तरे यांनी आजतागायत राखलेला आहे. जुलैच्या पुरात तो फुटला असता त्यांनीच पाण्यात उतरून तो पुन्हा घातला. अर्जदार त्या वेळी तेथे हजर नव्हता. माझ्या वाटणीचा बांधही दरवर्षी त्यांनीच भरलेला आहे. यापुढे त्याची देखभाल आम्ही दोघे भाऊ मिळून करू."

दादाने पुन्हा एकदा वाच म्हटलं. वाचला. त्याने खाडीकडे तोंड करून नाक शिंकरलं, मग बराच वेळ वळला नाही. ओहोटी होती, बघण्यासारखं पाण्यात काही नव्हतं.

"बराबर हाय?" मी विचारलं.

"बाबाचं नाव आधी घाल," तो म्हणाला. "बांध त्याचा. माजं मागनं."

मी पेन काढलं आणि गुडघ्यावर कागद धरून वरती बाबांचं नाव घातलं. बाळाराम लिहिताना अक्षर वाकडं झालं, तसंच ठेवलं. दादाने वाकून पाहिलं, त्याला किती वाचता आलं ठाऊक नाही.

"झालं? मंग ठेव तो कागद. तुजे दोन बांबू अजून ऱ्हाईलेत."